हात सुटेनात

१

दर रविवारी जेवणं आटोपली की अश्विन यायचा, आणि आम्ही दोघं माझ्या खोलीत पडदे ओढून जुन्या कुस्त्या बघत बसायचो.

अश्विन माझ्याच ऑफिसातला, बेलापूरला. मूळचा गुहागरकडचा. तांबड्या मातीत त्यानं जन्मात पाय ठेवला नव्हता, पण कुस्तीचं वेड माझ्याहून जास्त. आम्ही मिळून एक चॅनल चालवायचो. काम साधं होतं. पूर्वी गावोगावच्या जत्रांमधली मैदानं लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी कॅमेऱ्यात घेतलेली असायची. त्या कॅसेटी कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत बुरशी खात पडलेल्या. त्यातलं जे वाचलं असेल ते मिळवायचं, पुन्हा पुन्हा बघायचं आणि एकेका पैलवानाची कारकीर्द तपासायची. लोक सांगतात तेवढा तो खरंच मोठा होता का? कोणाला नशिबानं नाव दिलं, कोणाचं नाव उगाच बुडालं? पारावरच्या गप्पांत प्रत्येक पैलवान डोंगराएवढा होतो. टेपमध्ये तो जेवढा आहे तेवढाच राहतो.

माझी एक पद्धत होती. डाव कोणता टाकला हे मी नंतर बघायचे. आधी बघायचे, पडल्यावर माणूस उठतो कसा. डाव शिकवता येतो, उठणं कोणी शिकवत नाही. कोणी कोपरावर जोर देतो, कोणी कुशीवर वळतो, कोणी आधी लंगोट सावरतो. चेहरा मातीनं माखला तरी उठण्यावरून मी माणूस ओळखायचे. अश्विन याला माझी जादू म्हणायचा. जादू कसली, पैलवानाच्या घरात वाढले, एवढंच.

माझे वडील, आबा, म्हणजे मानसिंग पैलवान. साताऱ्याकडचे. त्यांची कारकीर्द ऐन भरात असताना संपली, कारण त्यांच्याच तालमीतल्या, एका ताटात जेवलेल्या नामानं कुस्ती बरोबरीत सुटल्यावर त्यांचा गुडघा मुरगाळून मोडला. मग आबा आईला आणि मला घेऊन इकडे आले, तुर्भ्याच्या मार्केटात पाठीवर पोती वाहिली, पुढे मुकादम झाले, कामोठ्यात हा फ्लॅट घेतला. आमच्या घरात नामा हे माणसाचं नाव राहिलंच नव्हतं. लहानपणी मी चुगली केली की आई म्हणायची, नामा होऊ नकोस.

आबांबद्दल एवढं सांगते. माझं लग्न मोडून मी परत आले, तेव्हा दारात उभ्या असलेल्या मला त्यांनी एक शब्द विचारला नाही. माझी बॅग उचलून आत ठेवली आणि माझ्यासाठी चहा टाकला. तो माणूस असा होता.

म्हणून रूपेशचा फोन आला तेव्हा मला आनंदच झाला. रूपेशच्या वडिलांचा कोरेगावला व्हिडिओचा धंदा होता आणि तो त्यांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेत होता. म्हणाला, ताई, तुमच्या वडिलांच्या कुस्त्या सापडल्यात. नामाच्याही आहेत. आणि ती शेवटचीसुद्धा.

२

पहिली कुस्ती लावली आणि मी हसतच सुटले. तिशीतले आबा, मानेवर लोण्यासारखी चकाकी, हलगीच्या ठेक्यावर मैदानाला फेरी मारताहेत. अश्विन म्हणाला, काका हिरोच होते की.

त्यांनी शड्डू ठोकला. डाव्या हातानं, डाव्या मांडीवर.

मी ते बघितलं आणि तिथं थांबले नाही. एकमेकांचा जोर अजमावणारी खडाखडी सुरू झाली, तेव्हाही डावा पाय पुढे, डावा हात प्रतिस्पर्ध्याच्या मानेवर. पट काढला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून ओढला, तोही डाव्या बाजूनं. एकदा खाली गेले, तेव्हा डाव्या खांद्यावर लोळून, मांजरासारखे, एका झटक्यात उठले.

आबा डावखुरे नाहीत. बाहेर हॉलमध्ये ते पेपर वाचत होते, उजव्या हाताच्या बोटाला थुंकी लावून पान उलटत होते.

मी म्हटलं, चित्र उलटं झालं असेल. कॅसेटवरून घेताना होतं कधीकधी. अश्विननं कुस्ती थांबवून मागचा कापडी फलक मोठा करून दाखवला. अक्षरं सरळ होती.

संध्याकाळी मी आबांना सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, डावखुराच होतो, पण तुर्भ्याला पाठीवरचं ओझं उजव्या बाजूनं घ्यायची पद्धत, मोडली सवय. हे पटण्यासारखं होतं. माणसाचं शरीर कामाप्रमाणं वळतं. मी ते मान्य केलं आणि रात्रीचं जेवण वाढायला घेतलं. फक्त जेवताना मी त्यांच्या घासाकडे बघत होते, आणि मी बघते आहे हे त्यांना कळलं होतं.

३

नामाचा चेहरा मी तोवर कधी पाहिला नव्हता. पुढच्या रविवारी त्याच्या कुस्त्या लावल्या, तेव्हा मनात शिव्याच होत्या. पण आमचा नियम होता, टेपसमोर राग नाही, लोभ नाही.

तो आबांपेक्षा उंचीनं कमी, अंगानं आडवा. मैदानात उतरायच्या आधी कडेला उभा राहिला, सगळा भार उजव्या टाचेवर टाकून, अंगठ्यानं भुवई पुसत.  त्याचं नाव जाहीर झालं, तेव्हा त्यानं मान खाली घालून, हसू दाबत, समोरच्या माणसाला आधी वाट दिली. कुस्तीत तो पडला, तेव्हा उजवा तळवा जमिनीवर टेकला, क्षणभर तसाच थांबला, जणू जमिनीची परवानगी घेतली, आणि मग उठला.

 अश्विन हळूच म्हणाला, "ताई, काका सोफ्यावरून असेच उठतात ना?"

मी म्हटलं, एका तालमीतले, एका वस्तादाच्या हाताखालचे. भाऊ-भाऊ एकसारखे चालतात, तसं. अश्विननं मान डोलावली. पण आम्ही दोघंही हे जाणत होतो, की आबांच्या टेपमध्ये यातलं काहीएक नव्हतं. त्या तरुण मानसिंगची ऐट निराळी होती. तो प्रतिस्पर्ध्याला वाट देत नव्हता. चीत केल्यावरसुद्धा एक गुडघा त्याच्या छातीवर दाबून ठेवत होता, पंचानं ओढेपर्यंत. एका कुस्तीत त्यानं पडलेल्या पोराच्या तोंडात माती कोंबली होती आणि लोक हसले होते.

तो माझा बाप नसता तर आम्ही म्हटलं असतं, मोठा पैलवान, पण क्रूर.  बाहेर गॅलरीत आबा कुंड्यांना पाणी घालत उभे होते. उजव्या टाचेवर. अंगठा भुवईवर.

४

शेवटची कुस्ती आमच्याच गावच्या जत्रेतली होती. अश्विन आला तेव्हा आई-आबा सोसायटीतल्या एका बारशाला गेले होते. मी मुद्दामच ती वेळ धरली होती.

चित्र वाईट होतं. पट्टे यायचे, रंग वाहून जायचा. हलगी मात्र स्पष्ट ऐकू येत होती. दोघं मैदानात आले. हात मिळवले. बराच वेळ खडाखडी झाली. मग मानसिंगनं पट काढला, नामानं वरून कब्जा घेतला, आणि दोघं एकदमच कोसळले. तेवढ्यात कॅमेरावाल्याला कोणाचा धक्का लागला असावा. चित्र गर्दीवर गेलं, मंडपावर गेलं, आभाळावर गेलं.

परत आलं तेव्हा दोघं मातीत समोरासमोर पडलेले होते. हलत नव्हते. त्यांचे हात एकमेकांत अडकलेले, बोटांत बोटं. पंच वाकून ते हात सोडवत होता. हात सुटेनात. आणखी दोघं धावले, त्यांनी एकेकाला खांद्याला धरून ओढलं. हलगीचा ठेका चुकला, अडखळला, थांबला. त्या शांततेत नुसती जनरेटरची घरघर उरली.

मग हात सुटले.

मानसिंग आधी उठला. त्यानं उजवा तळवा जमिनीवर टेकला, क्षणभर थांबला, आणि उठला.

अश्विननं टेप थांबवली. "गुडघा कुठे मोडला, ताई? ते तर सरळ चालतायत."

खरं होतं. माझे वडील दोन्ही पायांवर नीट चालत मैदानाबाहेर निघाले होते, मान खाली घालून. आणि त्यांच्या मागे नामा मातीत बसून स्वतःचे तळवे बघत होता. उलटे, सुलटे. मग त्यानं डाव्या खांद्यावर लोळण घेतली, एका झटक्यात उठला आणि पळत सुटला.

तो मानसिंगच्या मागे गेला नाही. तो गेला लांब उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीकडे, जिथं बायका उभ्या राहून कुस्ती बघत होत्या. कॅमेरा त्याच्या मागे वळला. ट्रॉलीत माझी आई होती, तरुण, अंगभर पदर घट्ट लपेटून. कडेवर एक लहान पोर. मीच ती. नामानं दोन्ही हात वर केले आणि काहीतरी ओरडला. आवाज गर्दीत बुडाला.

आईच्या कडेवरच्या त्या पोरीनं दोन्ही हात पसरले आणि त्याच्याकडे झेप घेतली.

आईनं तिला मागे ओढलं. तेवढ्यात मानसिंग तिथं पोचला. त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला हात पुढे केला, तर पोरीनं आईच्या मानेत तोंड खुपसलं. तिथं कॅसेट संपली.

लहान मुलं कुणाकडेही झेपावतात. मातीनं माखलेल्या बापाला घाबरतातही. हे मी मोठ्यानं म्हटलं.  निघताना चपला घालता घालता तो म्हणाला, "हे आपण टाकायचं नाही. आणि ताई, तू हे परत बघू नकोस."

मी परत बघितलं. आई-आबा येईपर्यंत बघत होते.

५

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर आबा माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीत बसले होते. लॅपटॉप मी उघडाच टाकून गेले होते. पडद्यावर ट्रॉली होती, आई होती, आणि हवेत पसरलेले ते छोटे हात.

"गुडघा न्हाई मोडला," ते म्हणाले. "कुस्ती सोडायची व्हती. लोकांना काहीतरी सांगाया लागतं."

"मग नामा?"

"त्यानं काही केलं न्हाई."

मी दाराला धरून उभी राहिले. ज्याला आयुष्यभर शिव्या दिल्या, त्यानं काही केलं नव्हतं. आणि हे सांगणारा माणूस हे सगळं ऐकत, माझ्याबरोबर जेवत, इतकी वर्षं बसला होता.

"तुला जे विचारायचं ते इचार, राजी," आबा म्हणाले. "खोटं सांगायचा न्हाई."

मला एकच प्रश्न विचारायचा होता आणि तो तोंडातून निघेना. असा प्रश्न माणूस आपल्या वडिलांना विचारतो का? चाळिशीतली बाई, सरकारी नोकरी, विचारायचं काय, तर तुम्ही कोण? मी विचारलं, चहा घेणार का. ते म्हणाले, घेतो.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. मी समोर बसले, तरी तिनं मान वर केली नाही.

ती बोलली ते तुटक तुटक. मैदानानंतर आम्ही इकडे आलो, कळंबोलीला एका खोलीत राहत होतो, तेव्हा नामा दारात यायचा. पुन्हा पुन्हा यायचा. माझ्या जन्माच्या वेळी कोण सुईण होती ते सांगायचा. तिच्या माहेरच्या घरात पहिल्या रात्री काय झालं ते सांगायचा. नवरा-बायकोशिवाय कुणाला ठाऊक नसतं असलं सांगायचा.

"मग तू काय केलंस?"

"दार लावून घेतलं."

"आई, तुला कळलं होतं."

तिनं एक काडी मोडली. "मैदानाच्या आदल्या दिवशी तुझ्या बापानं मला इतकं मारलं व्हतं की उभं राहवत नव्हतं. पदर लपेटून गेले त्या ट्रॉलीत. न गेले तर आणखी मार. आन् मातीतनं परत आला त्या माणसानं घरी येऊन मला इचारलं, लागलंय का. त्याच तोंडानं इचारलं. मी ते तोंड बघितलं आन् म्हनलं, देवा, हाच ठेव." मग पहिल्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं. "त्यानंतर ह्या घरात कधी हात उचलला गेला न्हाई. तू म्हन, मी काय वाईट केलं?"

 माझा बाप दाराबाहेर उभा होता आणि तिनं कडी लावली. जो आत होता त्यानं मला खांद्यावर घेऊन वाढवलं. दोघांनी मिळून मला एका निरपराध माणसाचा द्वेष करायला शिकवलं, कारण तो द्वेष दाराला लावलेली दुसरी कडी होती. मला दोघांचाही भयंकर राग आला. आणि त्याच वेळी माझ्यातलं शहाणं माणूस म्हणत होतं, मार खाल्लेल्या बाईनं स्वतःला सांगितलेली ही गोष्ट आहे. नवरा सुधारला, तिला खरं वाटेना, म्हणून तिनं दुसरा नवरा कल्पला. एवढंच. ह्यापलीकडे काही असूच शकत नाही.

नामा कुठं आहे विचारलं. पावणे गावात, म्हणाली. कारखान्यात कामाला होता, आता अंथरुणाला खिळलाय. मी म्हटलं, मी जाणार आहे, आबांना सांगू नकोस. तिनं मान डोलावली.

६

पावणे गाव कारखान्यांच्या मधोमध दबून बसलंय. नामा राहत होता ती खोली एका वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला चिकटलेली होती. पलीकडे पत्रा कापायची प्रेस चालू होती. दर ठोक्याला खोलीतली भांडी किणकिणायची.

त्याच्या पुतण्याची बायको, नंदिनी, त्याचं सगळं करायची. लग्न केलं नाही त्यांनी, म्हणाली. फारसं बोलत नाहीत. मी साताऱ्याची, गावाकडची ओळख आहे म्हटल्यावर तिला बरं वाटलं. मला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवून ती दूध आणायला गेली.

खाटेवर एक म्हातारा होता. टेपमधल्या त्या आडव्या अंगाची नुसती चौकट उरलेली. कमरेखालचं अंग गेलेलं. दोन्ही हात चादरीखाली.

मी नंदिनीला माझं नाव राजेश्वरी सांगितलं होतं. तो म्हणाला, "राजी."

कोणीही असंच छोटं करेल, मी मनात म्हटलं.

"तू झेपावली व्हतीस," तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी कानात ओघळत होतं, पुसायला हात बाहेर येत नव्हते. "त्येवढ्यावर जगलो मी. तुझ्या आईनं वळखलं न्हाई. न्हाई, वळखलं, पर घेतलं न्हाई. तू वळखलंस."

मग मात्र मला राहवलं नाही. तर्क, शहाणपण, ऑफिस, सगळं गळून पडलं. ज्या माणसाला घरातून, नावातून, माझ्या आयुष्यातून पुसून टाकलं होतं, तो माझ्यासमोर पाणी पुसू न शकता पडला होता. मी म्हटलं, माझ्यापासून लपवलं त्यांनी. मला माहीत नव्हतं. आणि मी माझा हात पुढे केला.

चादरीतून त्याचा डावा हात आला आणि त्यानं माझी बोटं धरली.

आधी ती पकड म्हाताऱ्याची होती. मग ती घट्ट झाली. मी हसून हात सोडवायला बघितला. हात सुटेना. प्रेसचे ठोके लांब गेले, कानात कापूस घातल्यासारखे. ओल्या मातीचा वास आला. मला वाटलं, उपाशी आहे, ऊन लागलंय, बीपी उतरलं. मला पाय जाणवेनासे झाले.

मग मला छत दिसलं. सिमेंटचा पत्रा, त्यावर पाण्याचे डाग. आणि खाली नजर केली तर माझ्या शेजारी स्टुलावर एक बाई बसली होती. निळा पंजाबी ड्रेस, मांडीवर पर्स, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. मी तिच्याकडे उशीवरून बघत होते. ती आपल्या मोकळ्या हाताची बोटं मिटून उघडून बघत होती, उलटी, सुलटी. आणि हसत होती.

"सोड तिला."

दारात आबा होते. आईनं सांगितलं होतं.

ते खाटेपाशी आले, गुडघे टेकून बसले, आणि आमच्या हातांवर आपला हात ठेवला. इतकी वर्षं ते घरात बोलत आले त्याच आवाजात, न चिडता, जणू लहान पोराला समजावताहेत, म्हणाले, "ती तुझी पोर हाय, मानसिंग. तुझीच. मला धर."

मी स्टुलावरून खाली पडले. फरशी गार होती. माझेच पाय होते, माझाच हात, त्यावर बोटांचे वळ. आबांनी माझ्याकडे पाहिलं. "बाहेर थांब, राजी. दार वढून घे."

मी दार ओढून घेतलं.

तेवढ्यात प्रेस थांबली, जेवणाची सुट्टी झाली असावी. पोरं डबे घेऊन बाहेर आली, नळावर हात धुऊ लागली. त्या बंद दाराआडून मला काही ऐकू आलं नाही. खाटेचं करकरणंसुद्धा नाही. नंदिनी दुधाची पिशवी घेऊन आली. आत माझे वडील आहेत म्हटल्यावर म्हणाली, बरं झालं, भेटू दे जुन्या माणसांना. ती मला आपली गावाकडची शेती सांगत होती आणि मी हं हं करत होते.

दार उघडलं. आबा बाहेर आले. तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "चल."

नंदिनी आत गेली आणि लगेच तिचा आवाज आला, काका, काय झालं, रडता कशाला. मग आतून कोणीतरी मला हाक मारली. नुसतं नाव, राजी, एवढंच, खूप हळू. मी वळले. आबा पुढे चालू लागले होते. पुन्हा प्रेस सुरू झाली आणि पुढची हाक आली की नाही, ते मला कळलं नाही. मी आत गेले नाही. माझ्या हातावरचे वळ अजून दुखत होते आणि मी त्या खोलीत पाऊल टाकू शकले नाही.

७

रिक्षात मी त्यांच्या शेजारी बसले. मला कितीतरी विचारता आलं असतं. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी आपण कुठं गेलो होतो, मी परत आले त्या दिवशी तुम्ही काय केलंत. आबांशिवाय कोणाला माहीत नाही असं पुष्कळ होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

ते बाहेर बघत होते. नेरूळ गेलं, बेलापूर गेलं, खाडीपूल गेला. पहिल्यांदाच बघितल्यासारखे ते सगळीकडे बघत होते. पण थकलेला म्हातारा माणूस असाच बघतो. कामोठ्यात उतरताना त्यांनी डावा पाय आधी टाकला. रिक्षाच्या डाव्या बाजूनं उतरताना डावा पाय आधी येतोच. मी, जिनं मातीत लोळणाऱ्या पैलवानांना नुसत्या उठण्यावरून ओळखलं होतं, माझ्या सोसायटीच्या फाटकात उभी राहून त्या पाठीकडे बघत होते आणि मला काही म्हणता काही कळत नव्हतं. त्यांनी वॉचमनच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. मग मला वाटलं, त्यांना दिसला नसेल.

लिफ्टमध्ये त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जड हात. मी तो काढला नाही.

आईनं दार उघडलं. तिच्या हाताला कणीक लागलेली होती आणि ती काहीतरी बोलत बोलतच आली होती, मला सांगावं लागलं गं, राहवेना, असं काहीसं. मग तिनं त्यांच्याकडे बघितलं.

ते काही बोलले नव्हते. नुसते उंबऱ्यात उभे होते, तिच्याकडे बघत.

आईचं बोलणं थांबलं. कणकेचा हात तसाच वर गेला आणि तिनं डोक्यावरून पदर घेतला, पुढे ओढला, कपाळ झाकेपर्यंत. या घरात मी तिला कधी पदर घेताना पाहिलं नव्हतं. मग ती मान खाली घालून बाजूला झाली, भिंतीला पाठ लावून, आणि तो आत गेला.